भारसंतुलक राउटर

भारसंतुलक राउटर : दोन किंवा अधिक इंटरनेट जोडण्यांवर एकाच घरातील वा कार्यालयातील माहितीच्या वाहतुकीचा भार विभागून देणारे आणि त्यांपैकी एखादी जोडणी बंद पडल्यास वाहतूक दुसरीकडे वळविणारे उपकरण. सामान्य घरगुती राउटरला बाहेरील बाजूस एकच जोडणी असते, तर या प्रकारात ती दोन किंवा अधिक असतात. आतील बाजूस संगणक, भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी संच इ. साधने नेहमीप्रमाणेच जोडलेली असतात. आपली माहिती कोणत्या जोडणीने जाते, हे त्या साधनांना ठाऊक असावे लागत नाही.

पार्श्वभूमी : दोन मार्ग एकत्र करण्याची कल्पना जुनी आहे. आयएसडीएन दूरध्वनी सेवेतील प्रत्येकी ६४ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या दोन वाहिन्या जोडून १२८ किलोबिटांची एक वाहिनी बनवीत असत. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘मल्टिलिंक पीपीपी’ या प्रोटोकॉलचे विनिर्देश १९९४ मध्ये व सुधारित रूपात १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीत दोन्ही वाहिन्या एकाच सेवादात्याकडे जाऊन मिळत. त्यामुळे विभागलेली माहिती तेथे पुन्हा क्रमाने जुळविता येई. दोन भिन्न सेवादात्यांच्या जोडण्यांना असे सामाईक दुसरे टोक नसते. भारसंतुलनाची पद्धत वेगळी असण्याचे मूळ कारण हेच होय. मार्च २०२० मध्ये भारतात टाळेबंदी सुरू झाल्यावर कार्यालयीन काम व अध्यापन यांचा मोठा भाग घरांतून होऊ लागला आणि घरातही दुसरी जोडणी बाळगण्याचे प्रयोजन निर्माण झाले.

कार्यपद्धती : इंटरनेटवरील माहिती पॅकेटांच्या रूपाने जाते. प्रेषक व ग्राहक यांचे पत्ते, दोन्हींकडील पोर्ट क्रमांक आणि प्रोटोकॉल या पाच बाबी ज्या पॅकेटांत समान असतात, त्यांचा मिळून एक प्रवाह मानतात. राउटर वाटणी करतो ती सामान्यतः पॅकेटांची नव्हे, तर प्रवाहांची. नवा प्रवाह सुरू होताच त्यासाठी एक जोडणी निवडली जाते व तो संपेपर्यंत ती बदलत नाही. याचे कारण असे की, घरातील साधनांचे खाजगी पत्ते बाहेर पडताना त्या त्या जोडणीच्या सार्वजनिक पत्त्यात रूपांतरित होतात. एकाच प्रवाहातील पॅकेटे दोन निरनिराळ्या पत्त्यांवरून गेली, तर पलीकडील सर्व्हर त्यांना एकाच संभाषणाचा भाग मानीत नाही.

जोडण्यांचा वेग असमान असल्यास त्यांना भारांक देतात. उदा., १०० व ५० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडण्यांना २ : १ असे भारांक दिल्यास दर तीन नव्या प्रवाहांपैकी सरासरीने दोन पहिलीकडे जातात. बँकांची काही संकेतस्थळे ग्राहकाचा पत्ता मध्येच बदलल्यास व्यवहार तोडतात. म्हणून एका साधनाचे एका स्थळाशी होणारे सर्व प्रवाह ठराविक काळ एकाच जोडणीवर ठेवण्याचा नियम राउटरमध्ये घालता येतो.

वेगाची मर्यादा : वरील उदाहरणात एकूण क्षमता १५० मेगाबिट होते, परंतु एकाच प्रवाहातून उतरविल्या जाणाऱ्या फाइलला १०० मेगाबिटांहून अधिक वेग मिळत नाही आणि तो प्रवाह दुसऱ्या जोडणीवर पडल्यास ५० मेगाबिटच मिळतो. अनेक माणसे एकाच वेळी काम करीत असली किंवा फाइल अनेक तुकड्यांत उतरविली जात असली, तरच दोन्ही जोडण्यांचा एकत्र लाभ होतो. एकच प्रवाह अनेक मार्गांनी नेणारा ‘मल्टिपाथ टीसीपी’ हा प्रोटोकॉल २०१३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात व २०२० मध्ये सुधारित रूपात प्रसिद्ध झाला. मात्र तो दोन्ही टोकांना उपलब्ध असावा लागतो.

बिघाडाची ओळख : राउटरपर्यंतची तार सुस्थितीत असूनही सेवादात्याचे पुढील जाळे बंद असू शकते. म्हणून राउटर प्रत्येक जोडणीवरून दूरच्या पत्त्यांकडे ठराविक अंतराने चाचणी संदेश पाठवितो आणि सलग काही संदेशांना उत्तर न आल्यास ती जोडणी निकामी ठरवितो. एकाच पत्त्यावर विसंबल्यास त्या पत्त्याचा बिघाड जोडणीचा समजला जातो. यास्तव दोन-तीन पत्ते योजतात. बंद पडलेल्या जोडणीवरील चालू प्रवाह तुटतातच. ते दुसरीवर नव्याने सुरू व्हावे लागतात.

जोडण्यांची स्वतंत्रता : या योजनेचा खरा लाभ वेगापेक्षा सातत्यात आहे आणि तो दोन्ही जोडण्या परस्परांपासून किती स्वतंत्र आहेत यावर अवलंबून असतो. प्रत्येक जोडणी १ टक्का काळ, म्हणजे वर्षातून सुमारे ८८ तास बंद राहते असे मानू. दोहोंचे बिघाड पूर्णतः स्वतंत्र असल्यास दोन्ही एकदम बंद राहण्याचा काळ वर्षाला सुमारे ५३ मिनिटे येतो. मात्र या बिघाडांपैकी एक दशांश जरी सामाईक कारणाने होत असले, तरी तो काळ पावणेनऊ तासांहून अधिक होतो. दोन्ही तारा एकाच खांबावरून वा एकाच चरातून आल्या असल्यास सेवादाते भिन्न असूनही एका खोदकामाने दोन्ही तुटू शकतात. मोठ्या प्रमाणावरही हेच घडते : ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबली निकामी झाल्या आणि भारतातील इंटरनेट सेवा मोठ्या प्रमाणात विस्कळीत झाली.

त्यामुळे एक जोडणी तारेची व दुसरी बिनतारी ठेवणे बहुधा अधिक उपयुक्त ठरते. वीजपुरवठा हेही सामाईक कारणच होय. राउटर व ऑप्टिकल फायबरचे अंत्य उपकरण यांना विद्युत् घटाचा आधार नसल्यास वीज जाताच दोन्ही जोडण्या एकदम निरुपयोगी होतात. खुद्द राउटर बिघडल्यास तोच प्रसंग येतो. म्हणून जेथे खंड मुळीच चालत नाही, तेथे पर्यायी राउटरही ठेवतात.