हिशेब वाचता वाचता

बचत गटाच्या बैठकीत कोषाध्यक्ष हिशेब वाचते तेव्हा तिचं तोंड दिसत नाही. वही नाकापर्यंत वर आलेली असते आणि आवाज वहीतच जिरतो. "मागची शिल्लक तीन हजार चारशे साठ. आजची बचत बाराशे. परतफेड एक हजार. व्याज शंभर. एकूण पाच हजार सातशे साठ." मग कोपऱ्यातली मावशी म्हणते, "आगं, माझ्या चार हजारांचं ऐंशी रुपये व्याज आताच दिलं की. ते कुठं गेलं?" वही खाली येते. बोट ओळींवरून फिरतं, ओठ हलतात. "धरलंच न्हाई मी. पाच हजार आठशे चाळीस." हे शेवटचं वाक्य ती वहीत बघून बोलत नाही, मावशीकडे बघून बोलते.

बाया बोलायला शिकतात त्याची सुरुवात मी अशीच पाहिली आहे. बारा बायांसमोर चूक निघाली, ती तिथेच दुरुस्त झाली आणि काही आकाश कोसळलं नाही, एवढं एकदा अंगवळणी पडलं की पुढचं सोपं जातं.

माझं स्वतःचं उलटं झालं होतं. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मला कप मिळायचे. "अध्यक्ष महोदय, वंदनीय गुरुजनवर्ग" इथपासून टाळ्यांपर्यंत सगळं पाठ. गटांचं काम हाती घेतलं तेव्हा पहिल्याच ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला आणि मी उभी राहिले. पाणी म्हणजे जीवन वगैरे चारेक मिनिटं झाली असतील, तोच पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "पोरी, नळाला पानी किती वाजता येतं तेवढं सांग की." मला ते माहीत नव्हतं. माझ्याच शेजारी बसलेल्या, कधी न बोलणाऱ्या बाईला ते मिनिटासकट माहीत होतं. पाठ केलेल्या भाषणावर त्या दिवसापासून माझा विश्वास नाही.

तर गटात हे घडतं कसं, ते क्रमाने पाहू. गट साधारण 10 ते 20 बायांचा. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, 1975 पासून आहे. नाबार्डने बचत गटांना बँकेशी जोडायला 1992 मध्ये सुरुवात केली आणि 'उमेद' अभियान 2011 मध्ये आलं. त्यामुळे आज गट नाही असं गाव शोधावं लागेल. उमेदच्या गटाने दशसूत्री पाळायची असते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि लिहिलेली पुस्तकं ही त्यातली पहिली पाच सूत्रं. पुढची पाच आरोग्य, शिक्षण, पंचायत राजमधला सहभाग, सरकारी योजनांचा लाभ आणि शाश्वत उपजीविका अशी आहेत. वक्तृत्व किंवा नेतृत्व असा शब्द या दहांत कुठेही नाही, आणि ते बरंच आहे.

बैठक दर आठवड्याला घेतली तर वर्षात बावन्न वेळा होते. सतरंजीवर गोल बसायचं. हे गोल बसणं शोभेसाठी नाही. ओळीत बसलं की पहिल्या ओळीतल्या दोघीच बोलतात आणि मागच्या निवडलेल्या शेंगा मोजत बसतात. गोलात कुणालाच पाठ मिळत नाही. प्रार्थना झाली की हजेरी, मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायचं, मग बचत, परतफेड, कर्जमागणी, ठराव, इतर विषय आणि सह्या. यातलं प्रत्येक काम म्हणजे बोलण्याचा एकेक वेगळा धडा असतो. हजेरीला नुसतं "हाय" म्हणायचं असतं, पण बावन्न वेळा चारचौघींत आपला आवाज ऐकायची सवय तिथेच लागते. इतिवृत्त वाचताना दुसऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडून नीट सांगावं लागतं. कर्ज मागताना आपली अडचण कारण, रक्कम आणि फेडीची मुदत यांसकट मांडावी लागते. "पैसं पायजे होतं" एवढ्यावर भागत नाही. "शेळीला पाच हजार, दहा महिन्यांत पाचशेप्रमाणे फेडते, शेकडा दोन व्याज मान्य," असं बोलायला लागतं. ग्रामसभेत मागणी मांडायची पद्धत यापेक्षा वेगळी नसते.

सगळ्यात अवघड काम अध्यक्षाचं, आणि ते म्हणजे नाही म्हणणं. एका गटात अध्यक्षाची सख्खी जाऊच कर्ज मागायला उभी राहिली. तिचे आधीचे दोन हप्ते थकलेले. सगळ्या खाली बघू लागल्या. अध्यक्षबाई बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुझं आधीचं दोन हप्ते येऊ दे. मग पुढच्या महिन्यात पहिला नंबर तुझा, हे आत्ताच वहीत लिवा." जाऊबाई पुढचे पंधरा दिवस बोलल्या नाहीत. चुली वेगळ्या असल्या तरी अंगण एकच, तेव्हा ते पंधरा दिवस कसे गेले असतील याची कल्पना करा. पण हप्ते आले. गटाने त्या दिवशी अध्यक्षाला खऱ्या अर्थाने अध्यक्ष मानलं. नाव तिचं वर्षभर कागदावर होतंच.

म्हणूनच पदं फिरती हवीत. जिथे दहावी झालेली एकच सून आहे म्हणून तिलाच सात-आठ वर्षं सचिव ठेवलं, तिथे एकटी तीच शिकली आणि बाकीच्या अंगठ्यावरून सहीपर्यंत येऊन थांबल्या. लिहिता येत नसलं तरी बैठक चालवता येते. एखादीकडून लिहून घ्यायचं आणि चालवायची दुसरीने. असे गट मी पाहिले आहेत आणि त्यांच्या बैठका जास्त रंगतात, कारण चालवणारीला वहीत डोकं घालायची सोय नसते.

सहाएक महिने व्यवहार चोख राहिला की बँकेच्या कर्जाचा विषय येतो. तेव्हा साहेब गटाची पुस्तकं बघतात आणि प्रश्न सचिवाला विचारायचं सोडून मुद्दाम दुसऱ्याच कुणाला तरी विचारतात. "गटाची एकूण बचत किती?" ज्या गटात हिशेब दर वेळी मोठ्याने वाचला जातो, तिथे शेवटची बाईही आकडा सांगते. नसेल वाचला, तर सगळ्या सचिवाकडे बघतात. साहेबाला उत्तर मिळालेलं असतं.

गटाच्या वर ग्रामसंघ आणि त्याच्या वर प्रभागसंघ असतो. इथे बोलण्याची जात बदलते. गटात बाई "मला" म्हणत असते, ग्रामसंघात तिला "आमच्या गटाचं म्हणणं" सांगावं लागतं. आपलं मत वेगळं असलं तरी गटाचं सांगायचं आणि तिथला निर्णय, आपल्याला रुचला नसला तरी, परत येऊन धडपणे सांगायचा. पुढारपणातली ही निरोप्याची बाजू कुणी शिकवत नाही. फक्त वरून खाली आदेश आणणारा किंवा फक्त खालून वर तक्रारी नेणारा माणूस फार टिकत नाही.

पुरुषांनाही अशा शाळा आहेत: गणेशोत्सव मंडळ, दूध संस्था, विकास सोसायटी. सप्टेंबर संपायच्या आत सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा होतात, तिथे अहवालावर नेमका प्रश्न विचारणारा सभासद कसा घडला ते शोधलं तर तो बहुधा कधीकाळी मंडळाची वर्गणी गोळा करणारा, पावतीपुस्तक सांभाळणारा पोरगा निघतो. पण बायांची वाट गटातूनच जाते, म्हणून मी तिथेच थांबते.

आता ग्रामसभा. 73व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतीत महिलांना एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्रात 2011 मध्ये त्या निम्म्या झाल्या. सरपंचाच्या खुर्चीत बाई आणि शेजारी बोलायला नवरा, हे चित्र तेव्हापासून सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्यावर हसण्याआधी ती बाई खुर्चीत बसण्यापूर्वी कितीदा चारचौघांत बोलली होती ते विचारावं. गटातून आलेल्या सरपंचबाईच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते. निदान तिच्या नवऱ्याला लवकर घरी जावं लागतं.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं. म्हणजे पहिल्या दिवशी कुणी आलं नाही तर दुसऱ्या वेळी मूठभर माणसंही गावाचा निर्णय घेऊ शकतात. हा नियम आमच्या बायांना मी सगळ्यात आधी सांगते, कारण सभेला जाण्याचं यापेक्षा चांगलं कारण मला सापडलेलं नाही. दुसरी सोय म्हणजे ग्रामसभेच्या आधी घ्यायची महिला सभा. पुष्कळ गावांत ती नुसत्या सह्यांवर उरकतात. ती खरी घ्यायला लावायची. विषय तिथे पिकवायचा आणि ठराव करून ग्रामसभेपुढे न्यायचा.

एका वस्तीवरच्या हातपंपाचं उदाहरण घेते. बायांनी आधी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच नसेल तर "विषय आमच्याकडे आलाच नव्हता" हे ऐकून परत यावं लागतं. मग कोण बोलणार, ते ठरलं. वस्तीवरची सगळ्यात तोंडाळ बाई स्वतःहून तयार होती. गटाने तिला नको म्हटलं आणि त्या पंपावर रोज जाणाऱ्या, हळू बोलणाऱ्या एकीला पुढे केलं. तोंडाळ बाईला अनुमोदन द्यायचं काम दिलं. तिने ते मैलभर ऐकू जाईल असं दिलं.

आदल्या संध्याकाळी अंगणात तालीम झाली. मी चारच गोष्टी सांगितल्या. पहिलं वाक्य नाव, वस्ती आणि मागणी यांचं, प्रस्तावना नको. त्यानंतर आकडे: घरं किती, पंप किती, बंद कधीपासून, आता पाणी कुठून आणि किती लांबून आणता. माईक तोंडापासून वीतभर लांब. तो खरखरला की घाबरून मागे सरायचं नाही, थांबायचं. आणि कुणी मध्येच बोललं तर त्याला उत्तर द्यायचं नाही, सरपंचांकडे बघून "माझं पुरं होऊ द्या" एवढंच म्हणायचं. या शेवटच्या वाक्याचीच तालीम आम्ही जास्त केली. दोघी-तिघी मुद्दाम पुरुषी आवाजात "ओ बाई, बसा खाली" म्हणायच्या आणि ती म्हणायची, "माझं पुरं होऊ द्या." पहिल्या दोन वेळा तिला हसू फुटलं. चौथ्या वेळी बाकीच्या गप्प झाल्या.

ओळखीच्यांसमोर तालीम करून खरंच उपयोग होतो का, असं मला विचारतात. होतो, कारण भीती शब्दांची नसतेच. भीती असते ती उभं राहिल्यावर सासरे, दीर, भावकी यांच्या नजरा आपल्याकडे वळतात त्या क्षणाची. म्हणून सभेत विखरून बसायचं नाही. बोलणारीच्या दोन्ही बाजूंना गटातल्याच बाया बसलेल्या पाहिजेत. चिठ्ठी हातात असू द्यावी. वाचायची गरज पडत नाही, पण हाताला काम राहतं. आणि बोलताना गर्दीकडे बघवत नसेल तर एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून बोलावं. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत जायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. आमच्या बायाही नकळत हेच करतात. "सांगा भाऊ, चैतात तुमच्या घरी पानी कोन आनतं?" असं एकीने विचारलं तेव्हा सभा हसली आणि विषय अर्धा तिथेच मंजूर झाला.

बोलणं फक्त माईकवरचं नसतं. महाराष्ट्रात 2008 च्या नियमांनुसार गावातलं दारू दुकान बंद करायचं तर 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते आणि आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीलाच मत देते. तिला घराबाहेर काढायला भाषण कामाचं नाही. तिच्या ओट्यावर बसून, चहाला नको न म्हणता, तिचं रडगाणं आधी ऐकून घ्यावं लागतं. गटात आठवड्याच्या आठवड्याला दुसरीची कर्जमागणी ऐकायची सवय असलेल्या बायांना हे जमतं.

हातपंपाच्या सभेकडे परत येते. ती उभी राहिली, मागणी मांडली. एकदा अडवलं गेलं, एकदा "माझं पुरं होऊ द्या" झालं. अनुमोदन मिळालं, हात वर झाले, सरपंच "बरं, बघू" म्हणाले आणि सभा पुढच्या विषयाकडे निघाली. ती बसली नाही. म्हणाली, "भाऊसाहेब, काय लिवलं ते वाचून दावा."

ग्रामसेवकांनी वाचलं, "हातपंपाच्या विषयावर चर्चा झाली."

"चर्चा न्हाई. ठराव मंजूर झाला. सूचक मी, अनुमोदक ह्या. पंप कुठला ते बी लिवा, खालच्या वस्तीचा, नायतर देवळापाशी बसवशीला."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण परत काढलं. ती वहीकडे वाकून बघत उभीच होती, आणि 'मंजूर' शब्द लिहून झाला तसा तिने मागे वळून गटाच्या कोषाध्यक्षाला तो वाचून बघायला बोलावलं.