दोन चाकांची ओढ

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनला बर्फ सारण्याची गोष्ट काढली, तर ऐकणारा हसेल. आपल्याकडे फार तर गारा पडतात. तरीही सुरुवात बर्फापासून करतो, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात आपला ट्रॅक्टर पांदणीत फसतो तो नेमका का, हे बर्फावर चटकन उमगतं.

अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात एका रात्रीत वीतभर बर्फ साचतो. सकाळी दारापासून रस्त्यापर्यंतची वाट ज्यानं त्यानं मोकळी करायची. काही घरांत त्यासाठी ‘एटीव्ही’ असते. जाड टायरची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली छोटी उघडी चारचाकी. पुढे लोखंडी पातं बसवायचं आणि बर्फ ढकलायचा. यातल्या काही गाड्यांची फक्त मागची दोन चाकं ओढतात. इंजिन दमदार असतं, पण पात्यापुढे बर्फाचा ढीग झाला की मागची चाकं जागीच गरगरतात.

गाडीची ओढ शेवटी टायर आणि जमीन एकमेकांना किती धरतात त्यावर ठरते. ओढणाऱ्या चाकांवर वजन किती आणि खालची जमीन कशी, एवढ्या दोनच गोष्टींचा हा हिशेब आहे. कोरड्या काँक्रीटवर टायर आपल्यावरच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास ओढ देतो, दाबलेल्या बर्फावर वीस टक्के, निव्वळ गोठलेल्या पाण्यावर त्याहून निम्मी. मागच्या चाकांवर दीडशे किलो असतील, तर बर्फावर हाती येतात तीस किलो. त्यातून पातं पुढे असल्यानं त्याचं वजनही पुढच्या चाकांवर, म्हणजे न ओढणाऱ्या. म्हणून तिकडचे लोक मागच्या चाकांना साखळ्या बांधतात, मागच्या कॅरिअरवर वाळूची पोती ठेवतात आणि बर्फ ढोपरभर होण्याची वाट न पाहता थोडा थोडा दोन-तीनदा सारतात.

आता आपल्या शिवारात येऊ. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर असेच, मागच्या दोन चाकांवर ओढणारे. ढोबळ हिशेब मांडू. ट्रॅक्टर १८०० किलोचा, त्यातलं ११०० किलो मागच्या चाकांवर. ओल्या काळ्या मातीत तिसरा हिस्सा ओढ मिळाली असं धरलं, तर साडेतीनशेहून थोडी अधिक किलो. मागे ट्रॉली, रिकामी १५ क्विंटल आणि वर ३० क्विंटल सोयाबीन. डांबरी रस्त्यावर एवढा भार ओढायला त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतका, म्हणजे नव्वद किलोंचा जोर पुरतो. चिखलात चाकं रुतली की तोच दहावा हिस्सा होतो, साडेचारशे किलो! आहे साडेतीनशे, हवं साडेचारशे. इंजिन पन्नास अश्वशक्तीचं असो की साठ, हा फरक ॲक्सिलेटरनं भरून निघत नाही.

बर्फाखाली निदान टणक जमीन असते, साखळी तिथवर पोहोचते. आपल्या काळ्या मातीत तोही आधार नाही. बेसॉल्टच्या खडकापासून झालेली ही माती, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. टायरच्या उंच पट्ट्यांमधल्या खाचा ती अशी भरून टाकते, की दहा पावलांत टायर गुळगुळीत होतो. मग चाक फिरवणं म्हणजे खड्डा खणणं. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीपासून अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. ट्रॅक्टरचा मात्र सगळा कारभार जमिनीला टेकण्यावर!

चाक किती घसरतं हे मोजता येतं. टायरवर चुन्याची खूण करा, औजार उचलून दहा फेरे जाऊ द्या आणि अंतर मोजा. समजा ४० मीटर भरलं. आता औजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे. ३४ मीटर आलं तर घसर १५ टक्के, शेतात ती चालते. ३० मीटरच आलं, तर डिझेलचा चौथा हिस्सा माती घोटण्यात चालला. तेव्हा औजाराची खोली कमी करावी, किंवा सरळ वाफशाची वाट पाहावी. मागच्या टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरलं किंवा चाकांना बिडाची वजनं लावली, तर ओढ वाढते. शेतातल्या कामाला हवा थोडी कमी ठेवली तरी फायदा होतो, कारण टायर जास्त जागा धरतो. किती कमी, ते कंपनीच्या पुस्तकात पाहावं. रस्त्यावर निघताना मात्र ती पुन्हा भरावी लागते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात चिखलणीला लोखंडी केज व्हील लावतात. बांधीत ती उत्तम, पण तीच घेऊन डांबरी रस्त्यावर आलं तर रस्ता उखडतो.

एकच चाक गरगरत असेल आणि दुसरं स्वस्थ उभं असेल, तर तो डिफरन्शियलचा गुण. त्याला दोन्ही चाकांना सारखाच जोर द्यायचा असतो. घसरत्या चाकाला जेवढा लागतो तेवढाच मग दुसऱ्यालाही मिळतो. टाचेपाशी असलेला डिफरन्शियल लॉक दाबला की दोन्ही चाकं बांधली जातात. तो चाक गरगरण्याआधी दाबायचा, सरळ जातानाच वापरायचा आणि वळण्यापूर्वी सोडायचा.

आता ज्यासाठी हे सारं सांगायला घेतलं ते. ट्रॅक्टर फसला की चार जण जमतात आणि कुणीतरी म्हणतं, चाकाला ओंडका बांधा. हे करू नका. चाक फिरायचं थांबलं आणि इंजिनचा जोर चालूच राहिला, तर तो जोर ट्रॅक्टरचं धूडच मागच्या आसाभोवती फिरवू लागतो. पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटा पडतो. याला दीड सेकंद पुरतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत वेळ टळून गेलेली असते. टोचनची साखळी वर, टॉप लिंकला किंवा आसाला अडकवली तर हेच होतं. साखळी आसाच्या खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. दोर तुटला की सणकन येतो, म्हणून बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभं करावं. मडगार्डवर तर कुणीही बसू नये.

फसलेला ट्रॅक्टर आधी मागे घेऊन पाहावा. रिव्हर्समध्ये तोच जोर पुढची चाकं खाली दाबतो, उलटण्याची भीती कमी होते आणि आपण आलो ती वाट थोडी तरी दाबलेली असते. चाकांमागची माती फावड्यानं काढून मुरूम, तुराट्या टाकाव्यात. तरीही हलला नाही, तर ट्रॉली सोडवून ट्रॅक्टर एकटा बाहेर काढावा.

आणि मघाचा हिशेब पुन्हा पाहा. तीसपैकी पंधरा क्विंटल उतरवले, तर साडेचारशेच्या जागी तीनशे किलोच लागतात आणि आपल्याकडे साडेतीनशेच्या आसपास आहेत. पोती धुऱ्यावर ताडपत्रीखाली ठेवायची आणि दुसरी खेप करायची.