पार्लेतला बुकीचा वाटा

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, हंगाम सुरू झाला की न्यू जर्सीतल्या मराठी मित्रमंडळींतही पार्लेच्या, म्हणजे सगळ्या जिंकल्या तरच पैसे देणाऱ्या जोडपैजांच्या, गप्पा रंगतात: चार सामने जोडा, 100 डॉलरचे 1,300 करा! मंडळी, हे गणित एकदा कागदावर मांडून बघाच.

पॉइंट स्प्रेडचा, म्हणजे गुणांच्या फरकावरच्या पैजेचा, नेहमीचा भाव उणे 110, म्हणजे 100 डॉलर जिंकायला 110 लावायचे. दोन्ही बाजूंची शक्यता सारखी धरली, तर बुकीचा वाटा सुमारे साडेचार टक्के. आता अशा चार पैजा जोडा. चारही बरोबर येण्याची शक्यता 16 मध्ये 1. न्याय्य हिशेबाने 100 डॉलरचे 1,600 व्हायला हवेत. हातात पडतात साधारण 1,328, तेही तुमचे मूळ 100 धरून. बुकीचा वाटा थेट 17 टक्के! पाचवी पैज जोडलीत की जवळपास 21. पैजेची ॲप पार्लेच का पुढे करतात, ते यात आलं.

एकाच सामन्यातला पार्ले तर आणखी फसवा. क्वार्टरबॅकचे आणि त्याचे पास झेलणाऱ्या रिसीव्हरचे यार्ड एकमेकांवर अवलंबून, त्यामुळे नुसत्या गुणाकाराने भाव पडताळताच येत नाही. त्याच्या वाटेला जाऊच नका.