मिनिटाला तीन लाख फेरे

दातांच्या दवाखान्यात बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला आतलं काही दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. आधी खुर्ची मागे कलल्याची घरघर, मग चूळ भरल्याचा आवाज, आणि मग ती शिट्टी. बारीक, उंच पट्टीतली, मधेच उतरणारी आणि पुन्हा चढणारी. ती सुरू झाली की हातातलं वर्तमानपत्र तसंच राहतं आणि जीभ आपोआप दुखऱ्या दाढेकडे वळते. इतकी भीती ज्याच्या आवाजाने वाटते, त्याच यंत्राने गेल्या साठ-सत्तर वर्षांत दाताच्या दुखण्यातला किती छळ वाचवला, हे कुणीतरी नीट सांगायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

आपल्याकडचे दंतवैद्य त्याला ‘एअरोटर’ म्हणतात. मुळात हे एका विशिष्ट यंत्राचं नाव. वॉशिंग्टनचे दंतवैद्य जॉन बॉर्डन यांनी १९५७ साली हवेवर फिरणारा हा हँडपीस, म्हणजे हातात धरून दात कोरायचं यंत्र, आणला. कोणत्याही टूथपेस्टला ‘कोलगेट’ म्हणावं तसं ते नाव आपल्या दवाखान्यांत या जातीच्या प्रत्येक यंत्राला चिकटलं.

ते हातात घेऊन पाहिलं तर एवढ्याशा गोष्टीचं नवल वाटतं. पेनासारखी धातूची दांडी आणि टोकाला लहानशा बोराएवढं डोकं. गॅलरीत किंवा मागच्या खोलीत ठेवलेल्या कॉम्प्रेसरमधून दाबाखालची हवा नळीने त्या डोक्यात येते आणि आतल्या इवल्याशा पात्यांच्या चक्रावर आदळते. चक्राच्या मधोमध बसवलेला ‘बर’, म्हणजे दात कोरणारं टोक, जेमतेम १.६ मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर फिरतो. वेग मिनिटाला तीन लाख फेऱ्यांच्या घरात. घरातला छताचा पंखा पूर्ण वेगात तीन-चारशे फेरे घेतो, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचा अर्थ कळतो. सेकंदाला पाच हजार फेरे! ती शिट्टी या वेगाचीच. बर दाताला टेकला की वेग पडतो आणि सूर उतरतो. अनुभवी दंतवैद्य डोळ्यांइतकाच कानांनीही काम करतो.

फिरत्या टोकाने दात कोरण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढला नवाश्मयुगीन दफनांत नऊ माणसांच्या अकरा दाढा अशा सापडल्या, की त्यांना गारगोटीच्या टोकाने भोकं पाडलेली होती. वय साडेसात ते नऊ हजार वर्षं. तिथले कारागीर मण्यांना भोकं पाडत. तेच कसब कुणीतरी दाढेवर वापरलं असावं.

तिथून पुढे वेगाची गाडी बराच काळ अडून राहिली. १८७१ साली अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी शिलाई मशीनसारखं पायाने चालवायचं यंत्र काढलं. पाय हलत राहिला तर टोक फिरणार, पाय थकला तर तेही थकणार. चारच वर्षांनी जॉर्ज ग्रीन यांनी विजेवरच्या यंत्राचं पेटंट घेतलं. नंतरच्या काळात खुर्चीशेजारी उभ्या केलेल्या दांड्यावरून कप्प्यांतून पट्टा फिरायचा आणि त्यावर हँडपीस चालायचा. त्याचा वेग मिनिटाला काही हजार फेरे. एनॅमल हा माणसाच्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्यावर हा वेग पुरत नसे, म्हणून दंतवैद्याला जोर लावून दाबावं लागे. ते दाबणं आणि तो थरथराट रुग्णाच्या जबड्यातून थेट कवटीत जायचा. ज्यांनी ती पट्ट्याची मशीन भोगली, त्यांना दुखण्याइतकाच तो हादरा लक्षात राहिला आहे.

तोड निघाली ती वेग वाढवण्यात. वेग वाढला की कंपनं इतकी जलद होतात की माणसाला ती हादऱ्यासारखी जाणवत नाहीत. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाचे जॉन पॅट्रिक वॉल्श यांनी १९४९ साली हवेवर चालणाऱ्या टर्बाइनचं पेटंट घेतलं. अमेरिकेत रॉबर्ट नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या दाबावर चालणारी टर्बाइन करून पाहिली. टंगस्टन कार्बाइडचे आणि हिऱ्याच्या कणांचे बर याच सुमारास दवाखान्यांत रुळत होते. बॉर्डन यांचा एअरोटर आला तेव्हा त्याच्या वेगाला टिकणारं टोक तयार होतं.

मला या यंत्राचा सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे ते दाबलेलं सहन करत नाही. हवेच्या चक्रात वेग प्रचंड, पण रेटा थोडा. जोर केला की ते जागच्या जागी थांबतं. त्यामुळे हात हलका ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि दातावरून पीस फिरवावं तसा बर फिरवायला विद्यार्थी पहिल्यापासून शिकतो. दुखणं कमी झालं याचं श्रेय अर्थात एकट्या एअरोटरचं नाही. १९४८ साली स्वीडनमध्ये बाजारात आलेल्या लिग्नोकेनच्या इंजेक्शनचा त्यात मोठा वाटा आहे.

एवढ्या वेगाने घासलं की उष्णता होणारच, आणि दाताच्या आतली नस उष्णतेला फार हळवी. १९६५ साली माकडांवर केलेल्या प्रयोगांत नसेचं तापमान साडेपाच अंश सेल्सियसने वाढलं, तेव्हा काही दातांची नस मेली. म्हणून एअरोटरच्या डोक्यातूनच पाण्याचा फवारा बरच्या टोकावर पडत राहतो. तोंडात साचणारं पाणी आणि गालाला अडकवलेली सक्शनची नळी यांनी आपण वैतागतो खरे, पण ते पाणी दात जिवंत ठेवत असतं.

याच यंत्राने एक वेगळी काळजीही आणली. चक्र थांबताना हवा क्षणभर उलटी ओढली जाते आणि तिच्याबरोबर तोंडातले लाळ-रक्ताचे कण हँडपीसच्या आत जाऊ शकतात. वरून पुसून हे निघत नाही. एचआयव्हीच्या धास्तीनंतर, १९९०च्या दशकात, प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करण्यावर जोर आला. उलट ओढ रोखणाऱ्या झडपाही आल्या. खुर्चीत बसण्यापूर्वी ‘हा हँडपीस ऑटोक्लेव्ह केलेला आहे ना?’ असं प्रत्येकाने विचारावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. नेटका दंतवैद्य या प्रश्नाने दुखावत नाही, सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फाडून दाखवतो.

२०२० साली कोरोनात एअरोटरच्या पाण्याचा फवारा तोंडातले विषाणू हवेत उडवेल म्हणून धोक्याचा ठरला. कित्येक दवाखान्यांनी एअरोटर बाजूला ठेवून हातांच्या हत्यारांवर वेळ निभावली. मग जोरकस सक्शन आणि दाताभोवती ताणायचा रबर डॅम यांचा वापर वाढला.

आता खुर्चीशेजारी आणखीही पुष्कळ काही असतं. आरव्हीजीवर दाताचा एक्स-रे काही सेकंदांत पडद्यावर उमटतो, त्यामुळे किती कोरायचं ते आधीच ठरतं. विजेच्या मोटरवरचे हँडपीस आले आहेत. त्यांचा रेटा जास्त, आवाज कमी. नसेच्या अगदी जवळची मऊ कीड काढायला तर आजही दंतवैद्य एअरोटर ठेवून देतो आणि सावकाश फिरणारा मायक्रोमोटर किंवा साधा चमच्यासारखा एक्सकॅव्हेटर घेतो. किती वेग केव्हा नको, हे कळणंही त्याच विद्येचा भाग आहे.

लहान मुलाला बसवलं की समजूतदार डॉक्टर ताई आधी सगळं दाखवते. फवारा त्याच्या तळहातावर सोडते, शिट्टी ऐकवते, मगच ‘आ कर बघू’ म्हणते. मोठ्यांनाही ती एक गोष्ट सांगते, ‘दुखलं तर डावा हात वर करा.’ तिचा पाय खाली जमिनीवरच्या पेडलवर असतो. मॉरिसनच्या काळी तो पाय सतत मारावा लागायचा, आता नुसता टेकवला की हवा सुटते. तुमचा हात खुर्चीवरून उचलला जातो, तिचा पाय पेडलवरून सुटतो, आणि शिट्टी बंद होते.