व्हेंटची नळी : हातांनी बांधलेल्या विमानांचा एक मागोवा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले असता उरुळी कांचन मागे पडून यवत येण्यापूर्वी कासुर्डी लागते. कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस, गुऱ्हाळांच्या चुलवाणांचा धूर आणि मार्च उलटताच तापू लागणारी दख्खनची सपाटी हे या मुलखाचे नित्याचे रूप; आकाशात मात्र बारामतीच्या वैमानिक-प्रशिक्षण संस्थांची लहान विमाने या टापूला अपरिचित नाहीत, आणि पुण्याच्या बाजूस हडपसरला इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरांचे केंद्र आहे. अशा ठिकाणी बसून, माणसाने स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या पदरच्या पैशाने बांधलेल्या लहान विमानाच्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या अवयवाचा मागोवा घ्यावा असे मला वाटले, याचे कारण एवढेच, की ऊन, धूळ, ओली माती आणि कीटक या ज्या गोष्टींनी तो अवयव बिघडतो, त्या येथील शेतशिवारात जितक्या मुबलक आहेत तितक्या त्या विमानाच्या आराखड्यात कोठेही काढून दाखविलेल्या नसतात. हा अवयव म्हणजे इंधनटाकीची व्हेंट, अर्थात टाकीत बाहेरची हवा येऊ देणारी बोटभरही जाड नसलेली नळी.

गोड्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत, गचके खात पडते आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक पाडताच त्याची धार अखंड लागते, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला या नळीचे प्रयोजन निराळे सांगावयास नको. टाकीतून जितके इंधन इंजिनाकडे जाईल तितक्याच आकारमानाची हवा त्याची जागा घेण्यास आत आली पाहिजे. ती न आल्यास टाकीत निर्वात पोकळी वाढत जाते, इंधनाचा प्रवाह क्षीण होतो, आणि पंपाने जोर लावलाच तर टाकीचे पत्रे आत दबू लागतात. एका चौरस मीटरच्या पत्र्यावर वातावरणाच्या दाबाच्या विसाव्या हिश्शाइतका फरक पडला तरी त्यावर सुमारे पाचशे किलोचा भार येतो, आणि विमानाच्या टाकीचा पत्रा तर वजन वाचविण्यासाठी मुद्दाम पातळ ठेवलेला असतो.

विमानविद्येच्या आरंभी हा प्रश्न इतका उघडा होता की त्याला कोणी प्रश्न म्हटले नाही. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या यंत्रात लहानशी टाकी इंजिनाच्या वर बसविलेली होती आणि पेट्रोल स्वतःच्या भाराने खाली येई. पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमलसारख्या विमानांनी अगदी उलट मार्ग धरला: मुख्य टाकी बंदिस्त करून, छोट्या पंपाने तिच्यात हवा दाबून इंधन वर चढवावयाचे. ही तजवीज चालली, परंतु पंप बिघडला किंवा टाकीला गोळी लागली की दाब निसटे आणि इंजिन उपाशी पडे. युद्ध संपल्यावर जी साधी, स्वस्त विमाने सामान्य माणसाच्या आटोक्यात आली ती पुन्हा गुरुत्वाकर्षणाकडेच वळली. टायगर मॉथची १९ गॅलनांची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी होती. अमेरिकेत बर्नार्ड पिटेनपोल याने १९२९ साली मोटारीचे फोर्ड इंजिन बसवून स्वतः विमान बांधले आणि त्याचे नकाशे पुढे शेकडो हौशी कारागिरांच्या हाती गेले. पायपर कबच्या टाकीच्या टोपणातून एक तार वर डोकावत असे. आतल्या बुचावर तरंगणारी ती तार जशी खाली जाईल तसे इंधन उरले किती हे वैमानिकास कळे. टाकी एक, टोपण एक आणि तेही त्याच्या नजरेसमोर, अशी ती सरळ व्यवस्था होती.

आपल्याकडे या साधेपणाचा वारसा कोल्हापूर जिल्ह्यातून निघून ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्यापाशी अध्ययन केलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी चालविला. त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरास १९५१ साली एचटी-२ हे शिकाऊ विमान उडाले आणि १९५८ साली पुष्पक. नव्वद अश्वशक्तीचे इंजिन आणि दोन आसने असलेले पुष्पक देशभरच्या फ्लाइंग क्लबांच्या धावपट्ट्यांवर वर्षानुवर्षे वावरले. हे विमान घरी बांधलेले नव्हे, हे मान्य. परंतु लहान विमान समजून घेण्याची, त्याचे अवयव हाताने उघडून पाहण्याची जी सवय एका पिढीला लागली, तिच्यात त्याचा वाटा मोठा आहे, आणि म्हणून या मागोव्यात ते वगळणे मला योग्य वाटत नाही.

१९५३ च्या जानेवारीत मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची स्थापना केली आणि हौशी विमानबांधणीला संघटना लाभली. कारखान्यांत बनणाऱ्या विमानांच्या नियमावलीत तोवरच्या अनुभवाचे सार उतरत गेले होते: टाकीत किमान दोन टक्के जागा प्रसरणासाठी रिकामी राहिली पाहिजे, व्हेंट त्या रिकाम्या जागेच्या माथ्यावरून निघाली पाहिजे, नळीत ओलावा साचून राहील असा न निथळणारा खोलगट भाग असता कामा नये, बर्फाने तिचे तोंड बुजता कामा नये, आणि वक्रनलिकेच्या न्यायाने इंधन बाहेर ओढले जाण्यास वाव मिळता कामा नये. यांतील प्रत्येक कलमामागे कोठेतरी बंद पडलेले एखादे इंजिन असावे, असे ती कलमे वाचताना मला नेहमी वाटत आले आहे. घरी विमान बांधणाऱ्यावर या कलमांची सक्ती बहुधा नसते, मुभा असते. ही मुभा हीच या विषयातील सर्वांत जोखमीची बाब होय.

खरा गुंता वाढला तो १९७० नंतर. रिचर्ड व्हॅनग्रुन्स्व्हेन यांचे आरव्ही-३ हे १९७१ साली उडाले आणि त्यांच्या घराण्यातील दहा हजारांहून अधिक विमाने पुढे जगभर घराघरांतून बांधली गेली. बर्ट रुटन यांनी फोम आणि काचतंतूंची विमाने काढली; त्यांच्या लाँग-ईझीच्या धर्तीवर बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने बांधलेले संशोधन-विमान १९८७ साली उडाले. या नव्या पिढीत टाकी नजरेसमोरून उठून पंखाच्या पोटात गेली, एकीच्या दोन झाल्या, आणि पंख खाली असल्यास गुरुत्वाकर्षणाचे साहाय्य सुटून पंपाचे राज्य आले. पंख टोकाकडे किंचित वर उचललेले असल्याने टाकीचा उंच भाग बाहेरच्या बाजूस येतो. म्हणून व्हेंटची नळी टाकीच्या आतून टोकापर्यंत न्यावयाची, परत आणून विमानाच्या अंगात उंच वळसा द्यावयाचा आणि मग पोटाखाली तिचे तोंड उघडावयाचे, अशी लांबलचक रचना रूढ झाली. उंच वळसा एवढ्यासाठी, की भरलेल्या टाकीतून इंधन आपोआप वाहून जाऊ नये. टाकी सांधून झाली की व्हेंटच्या तोंडास लहान मुलांचा रबरी फुगा बांधून ती किंचित फुगवावयाची आणि शिवणींवर साबणाचे पाणी फिरवावयाचे, ही परीक्षा हजारो कारागिरांनी केली आहे. फुगा मऊ असल्याने टाकीवर बेसुमार दाब येत नाही हा तिचा गुण. मात्र सकाळी मलूल झालेला फुगा दुपारी पुन्हा टरारतो, तेव्हा गळतीचा निवाडा एकसारख्या तापमानाच्या दोन वेळा पाहूनच करावा लागतो.

दोन टाक्या आल्या आणि त्यांच्याबरोबर या विषयातील सर्वांत बुद्धीस ताण देणारी तक्रार आली: दोन्ही टाक्या एकदम जोडल्या असता एक भराभर रिकामी होते आणि दुसरी जशीच्या तशी राहते. कारागीर कॉक उघडून पाहतो, नळ्या फुंकून पाहतो, गाळण्या धुतो, आणि दोष काही सापडत नाही. कारण तो नळीत नसून नळीच्या तोंडापुढून वाहणाऱ्या वाऱ्यात असतो. शंभर नॉट, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानासमोरची हवा समुद्रसपाटीवर सुमारे १६५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब देते. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने तोच दाब पेट्रोलच्या सुमारे २३ सेंटिमीटर उंचीबरोबर होतो. वाऱ्याच्या दिशेने ४५ अंशांत तिरपे कापलेले तोंड हा दाब टाकीत पोचविते. तेच तोंड मागे वळले किंवा पृष्ठभागाशी सपाट झाले, तर दाबाऐवजी ओढ लागते. दोन व्हेंटच्या तोंडांत या दाबाच्या केवळ चतुर्थांशाचा फरक पडला, तरी दोन टाक्यांच्या पातळीत पावणेसहा सेंटिमीटरांचा भेद होतो, आणि पंखातल्या टाकीची खोलीच मुळात वीतभर. टोपणाचे सील जुने होऊन चिरले असल्यास प्रकरण आणखी बिकट होते, कारण पंखाचा वरचा पृष्ठभाग हा ओढीचा प्रदेश आहे. तेथून टाकीतील दाब निसटतो आणि कधी इंधनही निळसर डाग सोडीत मागे वाहते. पाण्याने भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी दोन्ही टाक्यांना जोडून उड्डाणात तिच्यातील फरक वाचणे हा यावरचा खरा पंचनामा. अंदाजाने तोंडे वाकवीत बसणे हा नव्हे.

दुसरी एक गोष्ट अशी की जिच्याकडे जाणत्यांचेही दुर्लक्ष होते. तासाला १८ लिटर पिणाऱ्या इंजिनास व्हेंटमधून मिनिटाला फक्त ३०० मिलिलिटर हवा पुरते, म्हणून अर्धीअधिक बुजलेली नळीदेखील सरळ उड्डाणात निमूट काम करीत राहते. पण विमान मिनिटाला तीनशे मीटर वेगाने खाली उतरू लागले आणि टाकीत पन्नास लिटर मोकळी जागा असली, तर बाहेरचा दाब वाढत असल्याने मिनिटाला पावणेदोन लिटर हवा आत यावी लागते. म्हणजे इंजिनाच्या गरजेच्या जवळजवळ सहापट. नळीची खरी कसोटी अशी उतरताना, धावपट्टी जवळ येत असताना लागते, आणि जमिनीवर उभ्या विमानाची नळी तोंडाने फुंकून केलेली खातरजमा त्या कसोटीस पुरी पडत नाही.

पूर्ण बुजलेल्या व्हेंटची कैफियत निराळी. इंजिन सुरू होते, विमान चढते, काही मिनिटांनी इंजिन अडखळते. वैमानिक कसाबसा उतरतो, आणि टाकीचे टोपण उघडताच आत शिरणाऱ्या हवेचा सुस्कारा ऐकू आला तर दोष सापडला. परंतु टोपण उघडण्यास विलंब झाला तर सीलच्या फटींतून हवा हळूहळू आत झिरपते, दाब सारखा होतो, इंजिन पुन्हा निर्दोष चालते, आणि एकमेव साक्षीदार जबानी देण्यापूर्वीच निघून गेलेला असतो. मग संशय कार्ब्युरेटरवर जातो, पंपावर जातो, उन्हाने नळीत साचणाऱ्या इंधनाच्या वाफेवर जातो. म्हणून उतरल्याबरोबर, दुसऱ्या कशालाही हात लावण्यापूर्वी, टोपणाशी कान नेणे ही पहिली कृती असली पाहिजे.

आणि बुजविणारा कोण? कासुर्डीच्या कोणत्याही घराच्या पडवीत जिची मातीची घरटी दिसतील ती कुंभारीण माशी. ओल्या मातीच्या गोळ्या आणून ती कोणतेही बोटभर भोक लिंपून टाकते, आणि आठवडाभर उभ्या राहिलेल्या विमानाची व्हेंट तिला अगदी मापाची मिळते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ बिर्गेनएअरचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली, तेव्हा वेग मोजणारी नळी बहुधा अशाच मातीच्या घरट्याने बुजली असावी असा निष्कर्ष निघाला. तेथे नळी वेगाची होती, येथे इंधनाची आहे; कीटकास तो भेद नाही. तोंडास बारीक पितळी जाळी बसविली तर माशी अडते, परंतु गुऱ्हाळाची काजळी आणि रस्त्याची धूळ त्याच जाळीवर थर धरते, म्हणून जाणते कारागीर जाळीच्या मागे, वाऱ्याच्या आडोशास, सुईएवढे एक पर्यायी छिद्र ठेवतात. मला ही युक्ती सर्व उपायांत अधिक पसंत आहे.

उन्हाचा हिशेबही येथे निराळा मांडावा लागतो. पेट्रोल दर दहा अंशांना सुमारे एक टक्का फुगते. पहाटे पंचवीस अंशांवर काठोकाठ भरलेली शंभर लिटरची टाकी मे महिन्याच्या दुपारी पंचेचाळीस अंशांवर पोचली, की नियमाने ठेवलेले दोन टक्के तंतोतंत संपतात आणि त्यापुढचा प्रत्येक थेंब व्हेंटमधून जमिनीवर येतो. पंखाखालचे थारोळे पाहून नवशिका नळी बंद करावयास धावतो. ती मात्र त्या क्षणी आपले कर्तव्यच बजावीत असते. दख्खनमध्ये टाकी काठोकाठ न भरता चार टक्के तरी मोकळी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी माणसाने घरी विमान बांधण्याच्या मार्गावर टाकलेले सर्वांत मोठे पाऊल कांदिवलीच्या चारकोपमधील एका इमारतीच्या गच्चीवरचे. कॅप्टन अमोल यादव यांनी तेथे वर्षानुवर्षे खपून सहा आसनांचे विमान बांधले, २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि २०२० च्या ऑगस्टात धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. बांधणीपेक्षा कागदांचीच वाट लांब ठरलेल्या या प्रवासाचे कौतुक करताना एक गोष्ट ध्यानी धरली पाहिजे. कारखान्याच्या विमानास त्याच जातीच्या शेकडो विमानांचा अनुभव पाठीशी असतो; एकट्याने बांधलेल्या विमानास आपल्या टाकीचा, आपल्या नळीच्या तोंडाचा, आपल्या टोपणांचा इतिहास स्वतःच्याच दप्तरात साठवावा लागतो. कोणत्या तापमानाला किती भरले, कोणती टाकी किती मिनिटांत किती उतरली, टोपण उघडताना आवाज झाला की नाही, हा तपशील ज्याने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवला त्याला दोष शोधताना अर्धी वाट आधीच चाललेली असते.

या दप्तरात आता एक नवे प्रकरण उघडावे लागणार आहे. हलक्या विमानांत सर्वत्र दिसणारी रोटॅक्स ९१२ जातीची इंजिने मोटारीच्या पेट्रोलवर चालतात, परंतु इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत असेल तरच निर्माता त्यास हरकत घेत नाही. आपल्या पंपांवर मात्र २०२५ पर्यंत वीस टक्क्यांचे मिश्रण आले. इथेनॉल पाणी शोषते, कित्येक जातींचे रबर फुगविते आणि मऊ करते. टोपणाची ओ-रिंग, कॉकमधील सील, टाकीच्या शिवणींतला लेप हे सारे त्याच्या कक्षेत येतात, आणि फुगलेली ओ-रिंग आज घट्ट बसून उद्या चिरली तर पंखावरची ओढ तिच्यातूनच टाकीत शिरेल. काचेच्या अंशांकित नळीत पेट्रोल आणि थोडे पाणी घेऊन हलविले असता खालच्या पाण्याची पातळी वाढलेली दिसली, की त्यात इथेनॉल आहे हे कळते. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, आणि प्रत्येक नवा कॅन टाकीत ओतण्यापूर्वी ती करून तिचा आकडा तारखेसह नोंदवहीत लिहावा.