पेट्रोलवरील कर आणि खानदेशातील प्रवासी

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत मनमाडजवळील पानेवाडी येथे टँकरचालकांनी काम थांबविले आणि आपले दैनंदिन जीवन किती बारीक धाग्यावर लोंबकळत आहे, याचा प्रत्यय जळगाव-धुळ्याच्या नागरिकांस आला. चालकांचा रोष नव्या भारतीय न्याय संहितेतील अपघातविषयक कलमावर होता. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. मुंबईहून वाहिनीने पानेवाडीस येणारे तेल तेथून टँकरने खानदेशात पोचते. ती ये-जा अवघे दोन दिवस खंडित होताच पंपांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत चैनीने मोटार फिरविणारे थोडेच. शिक्षक, कारकून, दूधवाले, औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि क्लासला निघालेली मुले यांचाच त्यांत भरणा. यांचे पेट्रोल ही चैन आहे असे कोणता अर्थमंत्री म्हणू धजेल? तथापि कराची आकारणी मात्र चैनीच्या वस्तूवरील आकारणीहून फारशी निराळी नाही.

भाव वाढले की आपल्याकडे एक ठरीव नाट्यप्रयोग होतो. दुचाकी ढकलीत मोर्चा निघतो, कोणी बैलगाडीत बसतो. या प्रयोगाची परंपराही जुनी आहे: 12 नोव्हेंबर 1973 रोजी श्री. अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. विरोधी बाकांवर असताना बैलगाडी आणि सत्तेवर असताना करवाढ, हा क्रम कोणा एका पक्षाचा नव्हे. सर्वांनी तो निष्ठेने पाळला आहे.

आता थोडा हिशेब पाहू. मे 2020 मध्ये जगाच्या बाजारात खनिज तेल मातीमोल झाले असता केंद्र सरकारने पेट्रोलवरील उत्पादनशुल्क एकदम 10 रुपयांनी वाढवून लिटरमागे 32 रुपये 98 पैशांवर नेले. स्वस्ताईचा लाभ ग्राहकापर्यंत पोचण्यापूर्वीच तिजोरीत जमा झाला. पुढे नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 अशा दोन वेळा कपात होऊन ते 19 रुपये 90 पैशांवर आले व एप्रिल 2025 मध्ये पुन्हा 2 रुपयांनी वाढले. यातली खरी मेख पुढेच आहे. मे 2022 नंतरच्या त्या 19 रुपये 90 पैशांपैकी मूळ शुल्क केवळ 1 रुपया 40 पैसे होते. बाकी सारे विशेष अतिरिक्त शुल्क, 5 रुपयांचा रस्ते उपकर आणि अडीच रुपयांचा कृषी उपकर. राज्यांना ज्यातून वाटा मिळतो ते हे 1 रुपया 40 पैसेच. उपकराचे नाव घेतले की वाटणी टळते, हे दिल्लीला चांगले उमगले आहे.

राज्य सरकारही या विद्येत मागे नाही. 2015 साली दुष्काळनिवारणासाठी म्हणून पेट्रोल व डिझेलवर 2 रुपयांचा अधिभार बसविण्यात आला. दुष्काळ सरला, पाऊस आला, गिरणा दुथडी भरून वाहिली. अधिभार मात्र दुष्काळाबरोबर गेला नाही. 2017 मध्ये त्यात 3 रुपयांची भर पडली, 2020 मध्ये आणखी 2 रुपयांची. जुलै 2022 मध्ये 5 रुपये कमी झाल्यावरही मुंबई परिसर सोडून उर्वरित महाराष्ट्रात 25 टक्के अधिक 5 रुपये 12 पैसे असा मूल्यवर्धित कर राहिला. हे 25 टक्के केंद्राचे शुल्क मिळविलेल्या किमतीवर आकारले जातात. म्हणजे करावर कर! गणिताच्या तासाला मुलाने असे उदाहरण सोडविले असते तर आम्ही शिक्षक असताना त्याची वही परत केली असती.

पिंप्राळ्याहून जळगावच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार येऊन-जाऊन रोज वीस किलोमीटर धरले तर महिन्याला सुमारे 10 लिटर पेट्रोल जाळतो. एप्रिल 2025 च्या दराने त्यातून चारशेहून अधिक रुपये निव्वळ कराचे झाले. एवढ्या रकमेत कोणत्याही सुव्यवस्थित शहरात बसचा मासिक पास निघावा. हा मनुष्य पासाचे पैसे देतो. फक्त त्याला बस मिळत नाही.

म्हणून कर सरसकट उतरवा, या मागणीत आम्ही सामील होणार नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक परदेशातून येते. लिटरमागे चार-दोन रुपये उतरले तर ते पुढच्या तेजीत विरून जातील आणि परावलंबन होते तेथेच राहील. आमचे भांडण कराच्या विनियोगाशी आहे. या देशात पेट्रोलवर रस्त्यांसाठी कर बसविण्याची शिफारस केली ती 1927 साली नेमलेल्या समितीने, आणि तिचे अध्यक्ष होते आपले मुकुंदराव जयकर. त्या शिफारशीवरून 1929 साली मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला. प्रवाशाकडून घ्यावे ते प्रवासावर खर्चावे, इतका सरळ तो विचार होता. जयकरांच्या समितीपुढे रस्त्यांचा प्रश्न होता. आज धुळ्यास मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर असे तिन्ही महामार्ग येऊन मिळतात. उणीव आहे ती स्वतःचे वाहन नसलेल्याने जावे कसे याची.

2011 च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या 4 लाख 60 हजार व धुळ्याची 3 लाख 75 हजार होती. एवढ्या मोठ्या शहरांनी कित्येक वर्षे आपली सारी भिस्त दुचाकीवर आणि रिक्षावर ठेवली. बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ बांभोरीस, गिरणेच्या पलीकडे. अवजड मालमोटारींच्या गर्दीतून पुलावरून दुचाकी हाकीत विद्यार्थी तेथे जातात आणि ते सुखरूप परत येईपर्यंत घरच्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. येथे प्रश्न पेट्रोलच्या पैशांपुरता उरत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने तीन लाखांवरील शहरांसाठी विजेच्या बसगाड्यांची योजना जाहीर केली. तिच्या निकषात ही दोन्ही शहरे बसतात. वीजही आपल्याला परकी नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून उभा आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत. दीपनगरची वीज कोळशाची, हे खरे. पण तो कोळसा निदान समुद्रापलीकडच्या लढाईवर अवलंबून नाही.

रेल्वेची कथा मात्र विषाद वाटावा अशी आहे. रावेर-सावद्याची केळी ज्या रेल्वेने दिल्लीस जात आली, तीच पाचोरा-जामनेरच्या माणसाला उणी पडली. शतकभर चाललेली ही छोटी गाडी, लोकांच्या तोंडची ‘पीजे’, 2020 मध्ये साथीच्या काळात थांबली ती कायमची. रूंदीकरण होऊन मार्ग बोदवडपर्यंत जाणार हे आनंदाचेच. परंतु मधल्या वर्षांत तिच्या रोजच्या उतारूंनी काय केले? ज्याला जमले त्याने हप्त्याने मोटारसायकल घेतली. एकदा घरात आलेली मोटारसायकल नवी गाडी सुरू झाली म्हणून विकली जात नाही. धुळे 1900 सालापासून चाळीसगावच्या शाखेचे शेवटचे स्थानक आहे. मनमाड-इंदूर मार्गास सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली, तीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या मागणीनंतर.

आमच्या वाचकांसही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाववाढीवर सर्वांत तावातावाने बोलणारा पांढरपेशा वर्ग कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावयासही गाडीला किक मारतो. देवपुराहून पांझरा ओलांडून आग्रा रोडच्या बाजारात जाण्यास सायकल पुरते. वैशाखातल्या दुपारी पारा 44-45 अंशांवर असता ती हाका असे आम्ही म्हणत नाही. पण खानदेशात सकाळ होते, आणि वर्षात इतर दहा महिनेही असतात. सोळा वर्षांच्या मुलाला परवान्याआधीच गाडी देणाऱ्या पालकांविषयी तर काय बोलावे! ‘लांबचा क्लास आहे’ हे कारण ते देतात, आणि बस नसल्यामुळे ते पूर्णतः खोटेही ठरविता येत नाही.

दोन्ही महापालिकांचे अंदाजपत्रक वर्षातून एकदा मांडले जाते. राज्य सरकारने 5 रुपये 12 पैशांच्या अधिभारातून प्रत्येक शहराच्या पंपांवर जमा होणाऱ्या रकमेपैकी निदान 1 रुपया त्या शहराच्या बससेवेस द्यावा आणि त्याचा हिशेब अंदाजपत्रकात स्वतंत्र रकान्यात छापावा. नगरसेवकांनी बसगाड्यांच्या उद्घाटनाची तारीख विचारण्याऐवजी वेळापत्रक मागावे: पहाटे औद्योगिक वसाहतीत पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी बस कितीला सुटेल, आणि बांभोरीच्या दारातून रात्रीची शेवटची कितीला निघेल.