पट्ट्याचे दुसरे टोक

आगोट जवळ आली की बोर्ली पंचतनात घराघरांवर माणसे दिसू लागतात. कोणी घर शाकारतो, फुटकी कौले बदलतो. कोणी पत्र्याचे आकडे आवळतो. वाडीत पोफळींवर आणि माडांवर चढणारे तर आहेतच. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. कौले उडाली, पत्रे उडाले, बागा आडव्या झाल्या. तेव्हा ज्याला त्याला छपरावर चढावे लागले. सवय असलेला चढला आणि नसलेलाही चढला.

16 फुटांवरून माणूस सुटला तर जमिनीवर यायला किती वेळ लागतो? फक्त एक सेकंद. ‘अरे, धर!’ म्हणेपर्यंत तो खाली आलेला असतो. आपटताना त्याचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणून ‘एवढेसे तर छप्पर, त्याला काय होते’ हे म्हणणे आम्हाला पटत नाही.

अशा कामासाठी अंगभर पट्टा मिळतो. तो खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती येतो. त्याला पाठीवर, खांद्यांच्या मधोमध एक कडी असते. दोर त्या कडीला लावायचा. नुसता कमरेला दोर बांधून चढू नका. पडताना सगळा हिसका कमरेला बसतो. कणा आणि पोट दुखावते. कधी कधी माणूस दोरातून निसटतोही.

पण पट्टा अंगात घातला म्हणजे झाले का? नाही. खरा प्रश्न पुढेच आहे. दोराचे दुसरे टोक कशाला बांधले आहे? रिपेला बांधाल तर रीप मोडेल. पन्हळीला बांधाल तर पन्हळ उखडेल. वाळवी लागलेला वासा वरून धडधाकट दिसतो, पण आतून पोकळ असतो. पडणाऱ्या माणसाचा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून एक युक्ती करावी. दोर आढ्यावरून पलीकडे सोडावा आणि तिकडच्या जाड, जिवंत झाडाच्या बुंध्याला बांधावा. आढ्यावर जेथे दोर घासतो तेथे गोणपाट घालावे. उभ्या गाडीला मात्र बांधू नये. कोणी गाडी चालू केली तर?

दोर किती लांब ठेवावा, यात पुष्कळ जण फसतात. शहरात उंच इमारतीवर 6 फुटांचा दोर आणि हिसका सोसणारी घडीची पट्टी वापरतात. ही पट्टी उलगडत जाते. दोर, उलगडलेली पट्टी, खाली लोंबणारे अंग आणि थोडी मोकळी जागा असे धरले तर 18 ते 20 फूट लागतात. आपल्या घराची वळचण तर 8-10 फुटांवर! म्हणजे दोर ताणला जाण्याआधीच पाय जमिनीला लागतील. तेव्हा आपल्याकडे दोर आखूडच हवा, इतका की माणूस वळचणीच्या कडेपर्यंत पोचूच नये. दोरावर सरकणारी आणि ओढ बसताच घट्ट धरणारी कडी मिळते. ती असली म्हणजे दर वेळी गाठ सोडावी लागत नाही.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. तो आवाज न करता फुटतो. आडवी फळी टाकून त्यावरून चालावे. शेवाळलेल्या कौलांवर पाऊस पडून गेल्यावर चढूच नये.

पोफळीचे गणित वेगळे आहे. एवढ्या सडपातळ झाडाला पट्टा बांधला आणि झाडच मोडले, तर पट्टा काय करणार? कर्नाटकात काही बागायतदार हलक्या लांब काठीने जमिनीवरूनच सुपारी काढतात. ते आम्हाला बरे वाटते.

चढण्याआधी पट्ट्याची शिवण उजेडात पाहावी. उन्हाने नायलॉन कडक होते. माणूस पट्ट्यात लोंबकळला, तर त्याला तसाच ठेवू नका. मांड्यांवरचे पट्टे काचून पायांतले रक्त वर येत नाही आणि थोड्याच मिनिटांत शुद्ध हरपते. शिडी तयारच ठेवा, त्याला लगेच उतरवा आणि 108 ला फोन करा.

ज्या पट्ट्याने एकदा माणूस झेलला, तो पट्टा संपला. तो चांगला दिसला तरी कापून त्याचे तुकडे करा. खुंटीला टांगून ठेवलात, तर पुढच्या आगोटीला कोणीतरी तोच अंगात घालील.